बुजवलेला वैल

केनवड, ज्येष्ठ वद्य चतुर्थी, शके १८६०

चि. सौ. नानीबाई हिला तिच्या थोरल्या जावेचे, गोमतीचे, आशीर्वाद.

हे पत्र तुला जगदेव भाऊजी वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांनाच सांगते. भाऊजी, मधलं काही गाळायचं नाही. लहानपणी मामाजी तुम्हाला धडा वाचायला लावायचे तेव्हा अवघड ओळ आली की तुम्ही खोकून पुढं जायचा. मी समोर बसलेली असायची. सासरे असून मामाजींनी सुनेला शिकवलेले कान आहेत हे, त्यांना कळतं.

नाने, तुम्ही कारंज्याला बिऱ्हाड केल्याला महिना उलटून गेला. गावात मी सांगते की भाऊजींना सरकीच्या दुकानात लिहिण्याचं काम लागलं म्हणून गेले. तूही तसंच सांगत असशील. सांग. पण मनात काही वेगळं धरून बसली असशील तर तेही एकदा बोलून टाकू.

तू अखजीच्या सणाला माहेरी इंझोरीला गेलीस तेव्हा मी चूल सारवायला काढली. सारवता सारवता चुलीतून बाजूच्या लहान वैलात जाणारं भोक बुजवलं. खापराचा तुकडा बसवला, वरून माती लावली, शेणाचा हात फिरवला. एवढंच केलं. तू परत आलीस, कण्यांचं गाडगं वैलावर ठेवलंस आणि बसून राहिलीस. गाडगं कोमटसुद्धा होईना. मग तू वाकून भोकात पाहिलंस आणि नंतर माझ्याकडं पाहिलंस. मी भाकर थापत होते. तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. यात भांडण कुठं झालं?

आपल्या घरी धाकटी सून आली की तिला हळदकुंकू लावून वैल देतात, हे मला शिकवू नकोस. सासूबाईंनी तो मला दिला होता. त्या गेल्या, मी चुलीवर बसले आणि वैल तुझ्याकडं आला. पण म्हणून ते काही वतन नव्हे. जळण मी घालायचं, फुंकणीनं गाल मी दुखवायचे आणि माझ्या आगीच्या उरल्यासुरल्या उबेवर तुझ्या कण्या शिजायच्या. त्याचंही मला काही नव्हतं. पण मामाजी माझी भाकर अर्धी मोडून ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "नानीच्या कन्या वाढ वं थोड्या." रोज. मी माणूस आहे.

आता सगळी आग माझ्या तव्याखाली राहते. जळण निम्म्यानं वाचेल असा माझा हिशेब आहे. इकडे सगळे खुशाल.

गोमती

केनवड, आषाढ शुद्ध दशमी

चि. सौ. नानीबाईस आशीर्वाद.

भाऊजींचं कार्ड पोचलं. चार ओळी. त्यातल्या दोन पावसाच्या. तू काही सांगितलंच नाहीस, की सांगितलंस ते भाऊजींनी लिहिलं नाही? पुढच्या खेपेला तू बोलशील तसं लिहायला सांग.

एक विचारायचं आहे आणि खरं उत्तर दे. जाताना तू चुलीशी काही केलंस का? तू निघालीस त्या सकाळी एकटी स्वयंपाकघरात गेली होतीस. मी पाहिलं. चुलीला हात लावून पाया पडलीस म्हणालीस. पाया पडायला इतका वेळ लागतो?

कारण चूल बिघडली आहे. जाळ धरतच नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या घातल्या की भडकतात आणि लगेच बसतात. बाभळीचं लाकूड नुसतं धुमसत राहतं. फुंकून फुंकून माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात, तरी तव्याची एक कड तापते आणि दुसरी थंड. भाकर फुगत नाही. जळण वाचायचं सोडून दुप्पट लागतं. आमच्या घरचे, तुझे भासरे, परवा म्हणाले, "एवढ्या पऱ्हाट्या जातात तरी कुठं? तू खाऊन राह्यली काय?" मी सांगितलं, जळण ओलं आहे. पाऊस लागला आहे, तेव्हा जळण ओलं असणारच.

आणि धूर. तुला आठवतं ना, मामाजींनी ही चूल कौतुकानं स्वतः बांधून घेतली होती. गावात सगळ्यांच्या घरी धूर कौलांतून जातो, आपल्याकडं मात्र वैलाच्या मागं भिंतीत धुराडं. धुराडं झालं म्हणून कौलांखालच्या फटीही त्यांनी लिंपून घेतल्या, चिमण्या येतात म्हणून. आता धूर धुराड्याकडं फिरकत नाही. चुलीच्या तोंडातून उलटा माझ्या तोंडावर येतो आणि मग माजघरात जाऊन बसतो. शेजारची रामीबाई म्हणाली, कोणाची तरी दृष्ट लागली आहे चुलीले. मी तिला नाव सांगितलं नाही. पण माझ्या मनात जे आलं ते तुला लिहिलं.

मामाजींचंही काही तरी बिनसलं आहे. रोज दुपारी माजघरात बसून पोथी वाचायचे, मी भांडी घासता घासता ऐकायची. नऊ वर्षांची या घरात आले तेव्हापासूनचं आमचं ते चाललं आहे. आई मेली होती, बाप असून नसल्यासारखा होता. मामाजी शाळेत मास्तर होते, पण शाळेतून आल्यावर धुळपाटीवर माझं बोट धरून त्यांनी मला ग गवताचा शिकवला. गावात कोणाच्या सुनेला सही येत नाही आणि मी पत्र लिहिते. हे तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते.

तर आता ते पोथी घेऊन ओसरीवर जातात. पाऊस आला, पाणी आत आलं, तरी ओसरीवरच. मी म्हटलं, मामाजी आत बसा. म्हणाले, "इथं उजेड हाये, गोमती." इतकी वर्षं उजेड लागला नाही, आताच लागायला लागला. मला कळतं. तू गेलीस म्हणून माझ्या स्वयंपाकघराशेजारी त्यांना बसवत नाही.

गोमती

केनवड, भाद्रपद शुद्ध चतुर्थी

नाने,

तुझा निरोप मिळाला. या खेपेला भाऊजींनी तू म्हणालीस तसंच लिहिलं आहे: "बाई, वैलाचं भोक मोकळं करा. धुराडं वैलाच्या मागं हाये. वाट बुजली त चूल वढनार कशी? मंग आग लागत नाही अन् धूर उलटा येते."

वाचून मला इतकं हसू आलं की रामीबाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. किती सरळ मार्ग काढलास गं. घर सोडून गेलीस, आणि तिथून बसल्या जागी तुझा वैल परत मागतेस, आणि तोही माझ्या चुलीच्या काळजीनं. अगं, जी आग दोन भांड्यांना पुरत होती ती एका भांड्याला जास्त होईल की कमी? हे मला मामाजींनीच शिकवलेल्या गणितात येतं. वैल तुला हवा होता तर तोंडानं मागायचास.

पोळ्याच्या सणाचं सांगते, म्हणजे तुलाही कळेल की माझ्या हातचं काय होतं ते. पुरणाचा स्वयंपाक होता. आदल्या दिवशी पाऊस थांबला होता. मी पहाटेपासून बसले. पुरण शिजता शिजता वैलाच्या भोकातला मातीचा गोळा तापून तडकला आणि खापरासकट आत पडला. आणि काय सांगू, चूल अशी पेटली की मीच मागं सरकले. जाळ सरळ आत ओढला जाऊन पलीकडून धुराड्यात घू घू आवाज यायला लागला. धूर एवढासाही नाही. पोळ्या टम्म फुगल्या. मामाजी आपण होऊन आत आले, माजघरात पाटावर बसले आणि पोटभर जेवले. दुपारी तिथंच बसून त्यांनी पोथी काढली. मी भांडी तशीच टाकून दाराशी बसून ऐकलं.

मग संध्याकाळी ते म्हणाले, "आज कशी चूल पेटली. नानी होती तवाच्यासारखी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माती भिजवली आणि भोक पुन्हा बुजवलं. या वेळी खापर मोठं घेतलं. मातीत कोंडा घातला, म्हणजे तडकायला नको.

काहून म्हणून विचारशील. नाही सांगत. चूल माझी आहे.

गोमती

भाऊजी, हे पत्र वाचून दाखवताना तुमचा आवाज असा पडेल की नानीला वाटेल मी वाईट आहे. नीट वाचा.

केनवड, भाद्रपद वद्य एकादशी

चि. सौ. नानीबाईस,

हे पत्र मामाजींच्याच हाती पाठवते आहे. पाकीट चिकटवलं आहे. ते मास्तर आहेत, दुसऱ्याचं पत्र फोडणार नाहीत. भाऊजी, त्यांच्यासमोर वाचू नका.

घे. जिंकलीस.

काल जेवताना म्हणाले, "गोमती, मी चार दिवस कारंज्याले जाऊन येतो. हवापालट होईन." मी तांब्या खाली ठेवला. मी विचारलं, इथल्या हवेला काय झालं? म्हणाले, "काही नाही झालं. जगदेवले पाह्यलं नाही लय दिवस." बोलताना माझ्याकडं पाहिलं नाही. पंच्याने डोळे पुसत होते. मला वाटलं, घर सोडून जाताना वाईट वाटतं आहे, आणि तेवढ्यापुरतं मला बरंही वाटलं. पण जायचं ते ठरलंच.

गेला पंधरवडा ते गोठ्यात झोपतात. ओसरीसुद्धा सोडली. माझ्याशी बोलणं असं नाहीच. पोथी फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली आहे, पोळ्यापासून सोडली नाही. मी वाचून दाखवू का विचारलं तर, "राहू दे, तुले चुलीपुढं काम पडते." आधी मला वाचायला लावायचे आणि चुकलं की मांडीवर बोट वाजवायचे. आता मी वाचलेलंही चालत नाही.

लोक काय म्हणतील ते तुला कळायचं नाही, तू दूर आहेस. थोरल्या सुनेच्या घरी म्हाताऱ्याला दोन घास मिळेनात, धाकटीकडं जावं लागलं. पाणवठ्यावर आजच सुरू झालं असेल. पण ते लोकांचं. माझं काय झालं ते लोकांना कोण सांगणार? मी या घरी आले तेव्हा ते मला खांद्यावर बसवून रिसोडच्या बाजाराला न्यायचे. लोक विचारत, मास्तर, लेक का? ते हो म्हणायचे. सून म्हणत नव्हते. तू वीस वर्षांनी आलीस, कण्या ढवळल्यास आणि घेऊन गेलीस.

आता ऐक. गरम पाणी त्यांना सकाळी उठल्याबरोबर लागतं, चहा नंतर. भाकरीचा पापुद्रा वेगळा करून देऊ नकोस, त्यांना तो स्वतः काढायला आवडतो. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, डावीकडं बस. विचारलंस तर ते सगळं चांगलंच सांगतील, म्हणून विचारू नकोस, पाहा. आणि रात्री पांघरूण सरकतं.

हे सगळं मला ठाऊक आहे आणि तुला नाही, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून लिहिलं.

गोमती

केनवड, आश्विन शुद्ध अष्टमी

नाने,

भाऊजी, हे एकच पत्र हळू आवाजात वाचा.

ते गेल्यावर दोन दिवस मी स्वयंपाकच केला नाही. शिळ्यावर चाललं. तिसऱ्या दिवशी चूल पेटवली, नेहमीसारखा धूर झाला. तुझे भासरे बाहेरून आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "आता तरी ते भोक उघड. आता कोनासाठी बुजवून ठेवतं?"

मी म्हटलं, माझ्या चुलीचं तुम्ही बोलू नका. सगळ्यांना तिच्याच कण्या हव्या असतील तर तुम्हीही जा कारंज्याला.

ते कधी चिडत नाहीत. त्या दिवशीही चिडले नाहीत. उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "कन्यासाठी नाही गेले ते. त्याइचे डोये गेले धुरानं. पोथीतलं अक्षर दिसेना त्याइले. माजघरातून ओसरीत गेले, ओसरीतून गोठ्यात गेले, तुले समजलं नाही काय?"

मी विचारलं, मग मला कोणी सांगितलं का नाही?

"मी सांगत होतो. त्याइनं माहा हात धरला. म्हने, पोरीनं हौसेनं चूल लिंपली, तिले नको सांगू. तिले वाईट वाटन."

नाने, माझ्या हातात फुंकणी होती. मी तीच भोकात खुपसली. कोंडा घातलेली माती, सहज निघेना. मग विळा घेतला. चूल पेटलेली होती, हात भाजला, पण खापर निघालं. जाळ आत गेला. पोळ्याला झाला होता तोच आवाज झाला. घर अर्ध्या घटकेत स्वच्छ झालं आणि मी तिथंच बसून राहिले, कारण आता स्वच्छ होऊन उपयोग काय?

तू म्हणालीस ते बरोबर होतं. वाट बुजवली की आग लागत नाही. दोन भांड्यांपुरती आग एका भांड्याला पुरली नाही. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा म्हणायला लावू नकोस. पोळ्याच्या दिवशीच मला कळलं होतं. तरी मी बुजवलं.

आता त्यांना परत पाठव. दसरा झाला की तुझे भासरे वाशीमला गाडी घेऊन येतील, तिथवर मोटारीनं भाऊजींनी आणून सोडावं. मी वैलावर कण्या करून पाहिल्या. सारखं ढवळावं लागत नाही, आपल्या आपण शिजतात. तुझी करामत काही नव्हती गं त्यात, वैलाची होती. पण चांगल्या होतात.

माजघर सारवून ठेवलं आहे. पोथी खुंटीवरच आहे. नाही, चुकले, ती ते घेऊन गेले.

गोमती

केनवड, कार्तिक शुद्ध तृतीया

नानीबाईस,

भाऊजींचं पत्र वाचलं. मामाजी दिवाळीलाही आले नाहीत आणि आता येणारही नाहीत म्हणे, थंडी सरेपर्यंत. डॉक्टरांनी धूळ आणि प्रवास वर्ज्य सांगितला आहे. एका डोळ्यात फूल पडलं आहे. दुसऱ्यात मोतीबिंदू आधीच होता. हे सगळं मला समजलं. डोळ्यात थेंब तू घालतेस, हेही समजलं.

शेवटच्या दोन ओळी मात्र भाऊजींनी घाईत घुसवल्या आहेत. अक्षरावरून कळतं. "नानी वडिलांजवळ वाचायला शिकते आहे. त्यांना पोथी वाचता येत नाही म्हणून ती वाचून दाखवणार."

भाऊजी, आता मोठ्यानं वाचा. सगळी गल्ली ऐकू दे.

नाने, माझा तुझ्यावर राग आहे. कण्यांचा राग होता तो काहीच नव्हता. कण्या काय, कोणीही शिजवतं. ते माझं बोट धरून शिकवलेलं एवढंच एक माझं होतं. या घरात, या गावात, जगात. माहेर नाही, मूल झालं नाही, दागिना म्हणशील तर तो दुष्काळात मोडला. मी मामाजींनी शिकवलेली आहे, एवढं एक मी मनाशी म्हणत असे. आता तूही म्हणशील.

आणि यात सगळ्यात जास्त काय जाळतं ते सांगू? हे मीच केलं. मी धूर केला नसता तर त्यांना दिसलं असतं, ते माझ्या दाराशी बसून वाचत राहिले असते आणि तुला 'क' कधी आला नसता. माझ्याच मातीनं, माझ्याच हातानं तुला पाटी दिली. रामीबाईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग चांगलंच झालं की, घरात दुसरी बी शिकली." तिच्याशी मी बोलत नाही आता.

कारंज्याला यायचं मी दोनदा ठरवलं. तुझे भासरे म्हणाले चल, गाडी जुंपतो. पण आले तर काय दिसेल? ते पाटावर, तू डावीकडं, त्यांचं बोट तुझ्या बोटावर. ते मला बघवणार नाही. नाही आले.

शिकवताना ते तुला चुकलं की मांडीवर बोट वाजवतात का? हे कळव. वाजवत नसतील तर कळवू नकोस.

गोमती

केनवड, पौष शुद्ध पंचमी

चि. सौ. नानीस, गोमतीचे आशीर्वाद.

हे पत्र तू स्वतः वाचणार. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. शब्द दूर दूर लिहिले आहेत. जोडाक्षर आलं तर थांब. घाई नको.

तुझं कार्ड आलं. डाकवाला म्हणाला, पोराचं अक्षर दिसतं. मी म्हटलं, माझ्या जावेचं आहे. पहिल्यांदा लिहिते आहे. का कोण जाणे, जरा ताठ मानेनंच म्हटलं.

तू लिहिलंस की मामाजी बरे आहेत, एका डोळ्यानं सावलीसारखं दिसतं. आणि पुढं तू जे लिहिलंस ते मी इथं पुन्हा लिहिते, कारण मला ते लिहायला आवडतं. "मी पोथी वाचताना अडखळते. मामाजी म्हणतात, गोमती कधी अशी अडखळली नाही. तिनं एकदा ऐकलं की तिले येत होतं. बाई, मले लाज वाटते. तुमी कशा शिकल्या?"

नाने, हे वाचून मी काय केलं सांगू? कार्ड घेऊन रामीबाईकडं गेले. तिच्याशी बोलत नव्हते, तरी गेले. तिला वाचून दाखवलं. तुझ्या भासऱ्यांना जेवताना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "झालं समाधान?" झालं. इतके महिने मला हेच कोणी तरी म्हणायला हवं होतं, आणि त्यांनी ते म्हटलं, आणि तुझ्यासमोर म्हटलं. मला वाटलं, नानी अडखळू दे. आयुष्यभर अडखळू दे.

कार्ड मी देवघरात ठेवलं. चार दिवस तुला उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू विचारलंस त्याचं खरं उत्तर द्यावं लागलं असतं. खोटं द्यायला मी तयार होते. पण तू लिहिलं आहेस, मले लाज वाटते. ते अक्षर वाकडं आहे. शाई दोन जागी पसरली आहे.

तर ऐक. मी कशी शिकले.

मी रोज रडत शिकले. जोडाक्षर आलं की मी पाटीवरची धूळच विसकटून टाकायची. एक ओळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत यायची नाही. मामाजींनी एकदा धुळपाटी उचलून अंगणात फेकली होती. सासूबाई म्हणाल्या, पोरीले भाकरी थापू द्या, तिच्या डोक्यात काही जात नाही. मी पळून जाऊन कडब्याच्या गंजीमागं लपले होते. मामाजी शोधायला आले आणि म्हणाले, उद्या पुन्हा. ते 'उद्या पुन्हा' किती दिवस चाललं ते मोजता येणार नाही. पहिली पोथी मी तिसऱ्या वर्षी वाचली, तीही अर्धी पाठ होती म्हणून.

तू चार महिन्यांच्या आत कार्ड लिहिलंस. माझ्याहून तू लवकर शिकलीस. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मामाजींना ते आठवत नाही. म्हातारपणी माणूस चांगलं तेवढं ठेवतो. किंवा त्यांना मी तशीच दिसले असेन, कोण जाणे.

त्यांना परत पाठव असं मी आता म्हणत नाही. त्यांचं मन होईल तेव्हा येतील. पोथी संपव. अडखळलीस तर थांब, पुन्हा वाच, ते काही रागावत नाहीत.

एवढं पत्र त्यांना वाचून दाखव. पण मी रडले ते, आणि अंगणात पाटी फेकली ते, तेवढं दाखवू नकोस. त्यांना वाटतं तसंच वाटू दे.

गोमती